कोतवालाच्या पंजीतले पूर्वज

शाळा-महाविद्यालयांच्या प्रवेशाचे दिवस जवळ आले की भंडारा जिल्ह्यातील मोहाडीच्या तहसील कचेरीत आजा-पणजाची नोंद धुंडाळणाऱ्यांची वर्दळ वाढते. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० आणि इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा लागत असल्यामुळे, ज्या जीर्ण कागदांकडे एरवी कोणी ढुंकूनही पाहत नाही, त्यांतील जातीच्या रकान्यावर सारी उत्कंठा एकवटते, आणि तो एक शब्द सापडला की कोतवालाची जन्म-मरणाच्या नोंदींची पंजी मिटली जाते. त्या पंजीत याहून पुष्कळ अधिक आहे.

माळव्यातून निघून रामटेकजवळच्या नगरधनमार्गे वैनगंगेच्या खोऱ्यात उतरल्याची परंपरा सांगणारे पोवार काय, किंवा मोहाडी-आंधळगावचे विणकर काय, या मुलखातील कित्येक घराण्यांच्या तोंडी मूळचे गाव दुसरेच असते. कोकणातून मॉरिशसला गेलेल्या करारबद्ध मजुराचा क्रमांक, बापाचे नाव, जहाज, आणि पुढील काळातील असल्यास छायाचित्रही मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या दप्तरात आजही सापडते. येथे पायी चालत आलेल्याशी मात्र कोणाचाच करार नव्हता. राज्यसत्ता ज्याच्यापाशी तिचे काही घेणे असते त्याचेच नाव लिहिते. १८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाल्यावर भंडारा जिल्ह्याच्या जमीनमहसुलाचा जो बंदोबस्त झाला, त्याच्या मिसलींत मालगुजार आहे, कास्तकार आहे, सारा आहे; ज्याच्यापाशी मागाखेरीज काही नव्हते, तो विणकर त्यांत कोठून यावा?

कोतवालाच्या पंजीत मात्र तो येतो, कारण जन्म-मरणाला जमीन लागत नाही. गावचा कोतवाल, बहुधा स्वतः निरक्षर, पंजी घेऊन ठाण्यात जाई, कोण जन्मले व कोण वारले हे तोंडी सांगे, आणि तेथील मोहरीर, म्हणजे कारकून, ते रकान्यांत उतरवी: बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी, मृत्यू असल्यास हैजा, देवी किंवा ताप. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने नेलेली माणसे बहुतांशी तापाच्याच रकान्यात पडली आहेत. आडनाव क्वचितच असते, म्हणून ‘गोमा वल्द शिवा’ शोधताना एकाच गावातले दोन गोमा समोर उभे राहतात. अशा वेळी केवळ स्वतःची ओळ न पाहता भावंडांच्या ओळी लावून पाहाव्यात. धाकट्यांचे जन्म पंजीत असून थोरल्याचा नसेल, तर घर त्या दरम्यान गावात आले असावे, असे अनुमान निघते; अर्थात पहिले बाळंतपण माहेरी झालेले असू शकते, म्हणून ते दुसऱ्या पुराव्यावर पारखूनच घ्यावे. तरीही, ज्याच्या आगमनाची नोंद कोणीच केली नाही त्याच्या आगमनाचे साल असे हाती लागावे, हे मला फार मोलाचे वाटते.

महसुली अभिलेखांचे संगणकीकरण चालू आहेच. त्यात कोतवाल पंज्यांना अग्रक्रम मिळावा, बापाच्या नावानुसार त्यांची सूची व्हावी, मूळ प्रती नागपूरच्या पुराभिलेखागारात सुरक्षित ठेवाव्यात, आणि नक्कल मागणाऱ्याला एकच ओळ देऊन परत न पाठवता सबंध पान वाचू द्यावे. सूची मात्र त्या त्या गावातील वृद्धांना जवळ बसवूनच करावी, कारण दोन गोमांपैकी कोणता कोणाच्या घरचा, हे आज केवळ तेच सांगू शकतात.