पलीकडची प्रोसेस मेली तर?

ऑपरेटिंग सिस्टिमच्या तोंडी परीक्षेत आयपीसी, म्हणजे प्रोसेसमधली देवाणघेवाण, विचारले, की पाइप, मेसेज क्यू, सेमाफोर, शेअर्ड मेमरी ही नावे मुले धडाधडा म्हणून दाखवतात. पलीकडची प्रोसेस मध्येच मेली तर काय होईल, एवढे विचारा. बहुतेक जण गप्प होतात. इंटरफेसचा कस मात्र तिथेच लागतो.

डेन्मार्कच्या रेग्नेसेंट्रालेन कंपनीत पेर ब्रिंच हान्सेन आणि सहकाऱ्यांनी १९६९ साली आरसी ४००० या संगणकाची प्रणाली उभी केली. तिच्यात प्रोसेसच्या देवाणघेवाणीसाठी चार मूलभूत क्रिया होत्या: संदेश पाठवणे, संदेशाची वाट पाहणे, उत्तर पाठवणे, उत्तराची वाट पाहणे. प्रत्येक प्रोसेसला बफर मोजून मिळत, त्यामुळे एखादी बिघडली तरी सगळे बफर अडवून बसू शकत नसे. जिला संदेश धाडला ती प्रोसेस अस्तित्वातच नसेल, तर कर्नल स्वतःच पोकळ उत्तर देई. पाठवणारी ताटकळत राहत नसे.

१९७३ मध्ये युनिक्समध्ये पाइप आला. देखणा खरा, पण एकाच पूर्वजाच्या प्रोसेसपुरता. पुढे बेल लॅब्जच्या कोलंबस शाखेत टेलिफोन कंपन्यांच्या कामासाठी मेसेज क्यू, सेमाफोर आणि शेअर्ड मेमरी घडली. १९८३ च्या सिस्टिम फाइव्हमार्गे ती आपल्या अभ्यासक्रमात आली. या क्यू प्रोसेस मेल्यावरही कर्नलमध्ये पडून राहतात. मग 'आयपीसीएस' या आदेशाने शोधा, 'आयपीसीआरएम'ने झाडा. आरसी ४००० नंतर चौदा वर्षांनी ही पीछेहाटच म्हणायची.

टेलिफोनचाच धागा आपल्याकडेही आहे. शाहूवाडी तालुक्यातल्या मलकापूरसारख्या गावांतून मुंबईला बोलायचे तर ट्रंक कॉल बुक करून बसावे लागे, त्या काळात, १९८६ साली, सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेचे १२८ पोर्टचे ग्रामीण एक्स्चेंज बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला सुरू झाले. धुळीत, वातानुकूलनाशिवाय चालेल असेच ते बेतलेले होते. एक्स्चेंजच्या सॉफ्टवेअरला उत्तर येईलच हे गृहीत धरता येत नाही. नंबर फिरवता फिरवता माणूस रिसीव्हर ठेवून देतो, म्हणून प्रत्येक वाट पाहण्याला टायमर लागतो. पाठ्यपुस्तकातल्या प्रोड्यूसर-कन्झ्युमरच्या गणितात हे कधी येत नाही.

शिक्षकांना विनंती: यंदाच्या प्रात्यक्षिकात रिसीव्हर प्रोसेस आधी 'किल' करायला लावा, क्यूचे सिस्टिम कॉल मग शिकवा. आणि एक्स्चेंजच्या सॉफ्टवेअरवर ज्यांनी घाम गाळला, ते आता निवृत्त होत आहेत. त्यांनी आपले अनुभव मराठीत लिहून पाठवावेत. आम्ही पाने राखून ठेवू.