रहाटाची माळ

ह्या पानावर मी एरवीं एखाद्या शब्दाची व्युत्पत्ति, एखाद्या व्रताचें मूळ किंवा शाळेंतील जुनी आठवण लिहीत असतों. ह्या खेपेचा विषय निराळा आहे, आणि एका सेवानिवृत्त मास्तरानें त्यांत कां पडावें असें कित्येकांस वाटेल. परंतु गेल्या आषाढांत एका कामानें माझी आठ दिवसांची झोंप घालविली. त्या आठ दिवसांत जें उमगलें तें घरोघरच्या शिकत्या मुलामुलींच्या, आणि त्यांच्या वडील माणसांच्याहि, कानीं घालावें अशी इच्छा आहे.

आमचे एक स्नेही होते. सगळे त्यांना शास्त्रीबोवा म्हणत. संस्कृत काव्यें, नाटकें आणि शास्त्रग्रंथ ह्यांतलें प्रत्येक पद कोठें कोठें आलें आहे ह्याची सूची करण्याचा संकल्प त्यांनीं बारा वर्षांपूर्वीं सोडला. ग्रंथ आमच्या विद्यार्थ्यांनीं संगणकावर उतरले, पदें यंत्रानें सुटीं केलीं, आणि जेथें यंत्र अडलें तेथें शास्त्रीबोवांनीं निर्णय दिला. प्रत्येक नोंदींत पद, त्याचें मूळ रूप, ग्रंथ, स्थळ, पूर्ण श्लोक किंवा वाक्य, आणि शेवटीं शास्त्रीबोवांची टीप. अशा ४२,१६,५०८ नोंदी झाल्या. गेल्या मार्गशीर्षांत शास्त्रीबोवा वारले. सूची जेथें ठेविली होती तेथील भाडें एका सद्गृहस्थांच्या देणगींतून जात असे, तीहि संपली. महिनाअखेर जागा सोडावयाची होती, आणि हातांत आठ दिवस उरले होते.

ही जागा म्हणजे ‘क्लाउड’. नांवानें फसूं नये. यक्षानें ज्याच्याजवळ निरोप दिला तो मेघ निराळा. हा मेघ म्हणजे दूरच्या एका इमारतींत ओळीनें मांडलेलीं, अहोरात्र थंड ठेविलेलीं यंत्रें. तीं दुसऱ्याच्या मालकीचीं असतात, आणि आपण त्यांतली जागा भाड्यानें घेतों. मायक्रोसॉफ्टचें असें केंद्र पुण्यास २०१५ सालीं आणि अॅमेझॉनचें मुंबईस २०१६ सालीं सुरू झालें. म्हणजे आपला ‘मेघ’ पुष्कळदां सह्याद्रीच्या अलीकडे पलीकडेच असतो. आमच्या नोंदी अशाच एका जागीं ‘पोस्टग्रेस’ नांवाच्या डेटाबेसांत, म्हणजे शिस्तीनें लावलेल्या कोठारांत, होत्या. तेथून त्या आमच्या कपाटांतल्या लहानशा संगणकावर आणावयाच्या. माझा पुतण्या हें काम जाणतो, म्हणून तें त्याच्याकडे सोंपविलें.

शास्त्रीबोवांच्या पत्नी त्या दिवशीं मुद्दाम घरीं आल्या. म्हणाल्या, “भाऊजी, ह्यांचें सगळें खालीं येईल ना? एक टीपहि मागें राहतां कामा नये.” मीं मोठ्या ऐटीनें सांगितलें, “वहिनी, उद्यां संध्याकाळीं येऊन पाहा.”

ती ऐट एका रात्रींत उतरली. पुतण्यानें “सगळ्या नोंदी दे” अशी आज्ञा पाठविली. दिवा लुकलुकत राहिला, पंखा घोंघावूं लागला, आणि पाऊण तासानें यंत्राचा प्राण कासावीस होऊन प्रोग्रॅम बंद पडला. एकहि नोंद पदरांत पडली नाहीं. त्याचें कारण असें. सर्वसाधारणपणें अशी आज्ञा दिली म्हणजे आलेलें सगळें उत्तर आपल्या यंत्राच्या स्मृतींत, म्हणजे मेमरींत, गोळा होतें. आणि तें पुरें झाल्यावरच पहिली ओळ हातांत येते. स्मृति म्हणजे तबकडी नव्हे. तबकडी हें कोठार, आणि स्मृति हा ओटा. आमचा ओटा ८ अब्ज बाइटांचा, आणि त्यावर यंत्राचा नेहमींचा संसार आधींच मांडलेला. येणारा माल सुमारें ६ अब्ज ३२ कोटि बाइटांचा, आणि प्रोग्रॅमांत तो सोडून ठेवला कीं आणखी फुगतो. येथें एक गंमत सांगतों. रोमन अक्षर ज्या पद्धतींत एका बाइटांत मावतें, त्याच पद्धतींत आपल्या ‘क’ला तीन बाइट लागतात, ‘श्री’ला तर बारा, कारण श, हलन्ताचें चिन्ह, र आणि वेलांटी हीं चारहि निरनिराळीं मोजलीं जातात. देववाणीस जागा जास्त लागते, ह्याचा मला उगीचच अभिमान वाटला.

“काका, मग पानें पाडून आणूं,” पुतण्या म्हणाला. म्हणजे आधीं पहिल्या दहा हजार नोंदी. मग दहा हजार सोडून पुढच्या दहा हजार. मग वीस हजार सोडून पुढच्या. हें मला शहाणपणाचें वाटलें. पण जसजशीं पानें वाढलीं तसतसा वेग मंदावला. कारण ‘सोडून’ म्हणणें सोपें. कोठारांतल्या यंत्राला सोडावयाच्या नोंदीहि एकेक करून ओलांडाव्याच लागतात. मीं पाटीवर गणित मांडलें. ४२२ पानें, पहिल्यास दहा हजार, दुसऱ्यास वीस हजार, तिसऱ्यास तीस हजार. श्रेढीची बेरीज केली तेव्हां सुमारें ८९ कोटि आली. बेचाळीस लाखांसाठीं एकोणनव्वद कोटींची पायपीट! तरी दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत काम संपलें. मोजणी केली: ४२,१६,५०८. बरोबर जुळली. मीं वहिनींना निरोपहि धाडणार होतों.

धाडला नाहीं, तें चाळीस वर्षें हजेरी घेतल्याच्या खोडीमुळें. पटावर चाळीस नांवें आणि वर्गांत चाळीस ‘हजर’ ऐकूं आले, तरी एखादा पोरगा दोनदां ओरडलेला असतो. मीं पुतण्याला म्हटलें, “प्रत्येक नोंदीला क्रमांक आहे. निरनिराळे क्रमांक किती आले तें मोज.” आंकडा आला ४२,१६,४७१. सदतीस नोंदी दोनदां आल्या होत्या, आणि सदतीस मुळींच आल्या नव्हत्या. बेरीज मात्र चोख.

ह्याचा उलगडा होईपर्यंत मला अन्न गोड लागलें नाहीं. झालें होतें तें असें. आम्ही पानें उतरवीत असतां आमच्याच दोन विद्यार्थिनी तिकडे चुका दुरुस्त करीत बसल्या होत्या. ह्या कोठारांत दुरुस्त केलेली नोंद जुन्या जागीं खोडून लिहीत नाहींत. तिची नवी प्रत होते, आणि ती पुष्कळदां दुसऱ्याच जागीं, प्रसंगीं अगदीं शेवटीं, जाऊन बसते. आतां वर्गाची रांग डोळ्यांपुढें आणा. मीं पहिले दहा मोजले. इतक्यांत त्यांतला एक उठून रांगेच्या टोंकाला बसला, आणि मागचे सगळे एकेक जागा पुढें सरकले. मी “पहिले दहा सोडून” म्हणून पुढें मोजूं लागलों, तेव्हां जो अकरावा होता तो आतां दहावा झालेला. तो न मोजतांच सुटला. उठलेला मुलगा मात्र शेवटीं पुन्हां ‘हजर’ म्हणाला. लक्षांत घ्या, सुटला तो उठलेला नव्हे, त्यानें कांहींच केलें नव्हतें.

आणि ह्यांत कोठाराचा दोष नाहीं. एडगर कॉड ह्या शास्त्रज्ञानें १९७० सालीं ज्या निबंधानें अशा डेटाबेसांचा पाया घातला त्यांतला सिद्धान्तच असा कीं नोंदींचा समूह हा समूह आहे, त्याला स्वतःचा क्रम नाहीं. क्रम हवा असेल तर तो मागणाऱ्यानें सांगावा. आम्हीं सांगितला नाहीं. वैयाकरण म्हणविणाऱ्या मनुष्यानें, ज्याच्या शास्त्रांत सूत्राचा पौर्वापर्यक्रम हाच प्राण, त्यानें ही चूक करावी!

त्या रात्रीं मला आजोळचा रहाट आठवला. अष्टागरांत, माड-पोफळींच्या वाडींत, रेडा गोल फिरे आणि विहिरींतून मडक्यांची माळ वर येई. एक मडकें भरून वर येतें, पन्हळींत ओततें आणि रिकामें होऊन खालीं जातें, तोंवर दुसरें वर येतेंच. सगळी विहीर एकदम वर काढण्याचा विचार कोणाच्या मनांत येत नाहीं, आणि मडकें लहान म्हणून वाडी सुकतहि नाहीं. आपल्याकडे कूपयंत्रघटिकान्याय म्हणतात तो हाच; तो दैवाच्या चढउतारास लावण्याची रीत आहे, मला तो ह्या यंत्रास जास्त शोभतो असें वाटलें.

पुतण्या हंसला. म्हणाला, “काका, ह्याला कर्सर म्हणतात.” आज्ञा एकच द्यावयाची, पण उत्तर तिकडेच उघडें ठेवून दोन दोन हजार नोंदी मागावयाच्या, त्या तबकडीवर लिहून झाल्या कीं पुढच्या. शिवाय कर्सर उघडला त्या क्षणाचें चित्र स्थिर राहतें. मागाहून कोणी दुरुस्ती केली तरी आपल्याला तें जुनेंच चित्र दिसतें, म्हणून रांग हालत नाहीं. घेणारा थकला तर देणारा थांबतो, ही सोय तर तारेंतच आहे. व्हिंट सर्फ आणि बॉब कान ह्यांनीं १९७४ सालीं दोन यंत्रांच्या संभाषणाची जी रीत मांडली, तींत आपल्याकडे आतां किती जागा आहे हें घेणारा सांगत असतो, आणि त्याहून अधिक देणारा पाठवीत नाहीं. पंगतींत वाढपी पानाकडे पाहून वाढतो तसेंच.

काम सुरेख चाललें. रात्रीं दोन वाजतां वीज गेली.

वीज गेली कीं संबंध तुटला, आणि संबंध तुटला कीं कर्सरहि गेला. तबकडीवर सव्वीस लाख नोंदी होत्या, पण पुढें कोठून आरंभ करावा हें सांगतां येईना, कारण क्रम ह्या खेपेसहि आम्हीं मागितला नव्हता. पोरगा डोकें धरून बसला. मीं त्याला बोललों नाहीं. पहिल्या दिवशीं “सगळें एकदम आण” अशी घाई मींच केली होती.

पांचव्या दिवशीं आम्हीं नीट बसून विचार केला. प्रथम दोघी मुलींना सांगितलें, चार दिवस दुरुस्ती बंद. मग नोंदी क्रमांकाच्या चढत्या क्रमानें मागावयाच्या, आणि ‘इतक्या सोडून’ असें न म्हणतां ‘अमुक क्रमांकाच्या पुढच्या पांच हजार’ असें म्हणावयाचें. क्रमांकांची अनुक्रमणिका कोठारांत असतेच; रूडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट ह्यांनीं १९७२ सालीं प्रसिद्ध केलेल्या वृक्षाकार रचनेवर ती बांधलेली. कोशांत शब्द काढतांना आपण पहिल्या पानापासून वाचीत नाहीं, तसें ती थेट त्या क्रमांकावर नेऊन उभें करते. पांच हजार नोंदी म्हणजे सुमारें ७५ लाख बाइट. आमच्या ओट्याच्या एका कोपऱ्यांत मावतात. अशा ८४४ खेपा.

आतां जी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली ती सांगतों. प्रत्येक खेपेनंतर शेवटचा क्रमांक एका चिठ्ठींत लिहावयाचा. प्रश्न असा, कीं चिठ्ठी आधीं लिहावी कीं नोंदी? पुतण्या आधीं चिठ्ठी लिहीत होता. समजा, चिठ्ठी लिहिली आणि नोंदी तबकडीवर पडण्यापूर्वीं वीज गेली. मग परत आल्यावर यंत्र म्हणेल, ह्या तर झाल्या, आणि पांच हजार टीपा निमूटपणें नाहींशा होतील. उलट नोंदी आधीं लिहिल्या आणि चिठ्ठी राहिली, तर त्याच पांच हजार पुन्हां येतील एवढेंच. क्रमांक एकच असल्यामुळें दुहेरी नोंदी काढून टाकतां येतात. आमच्या घरीं आजी धान्य कणगींत पडल्याशिवाय वहींत आंकडा मांडूं देत नसे, तें मला एकाएकीं समजलें.

दोन रात्रींत तीनदां वीज गेली. तिन्ही वेळां यंत्रानें चिठ्ठी वाचली आणि पुढें चालूं लागलें. सातव्या दिवशीं पहांटे ८४४ वी खेप आली. एकूण मोजणी, निरनिराळ्या क्रमांकांची मोजणी, प्रत्येक ग्रंथाची वेगळी मोजणी, अशा तिन्ही दोन्हीकडे करून जुळविल्या. मग शास्त्रीबोवांच्या जुन्या चिठ्ठ्यांच्या पेटींतून हाताला येतील त्या साठ चिठ्ठ्या काढून मीं स्वतः ताडून पाहिल्या.

जातां जातां खर्चाचें सांगतों. क्लाउडमध्यें माल नेऊन ठेवण्यास बहुधा पैसे पडत नाहींत. बाहेर काढण्यास पडतात. आंत शिरणें ठाऊक, बाहेर पडणें अवघड, हें अभिमन्यूच्या काळापासून चालत आलें आहे. जागा कायमची सोडणाऱ्यांना हा आकार माफ करण्याचें गूगल, अॅमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट ह्यांनीं २०२४ सालीं जाहीर केलें. आमचा माल त्यांच्या मानानें चिमूटभर, त्यामुळें तो प्रश्न आम्हांस आलाच नाहीं. फार मोठ्या मालासाठीं २०१६ सालीं अॅमेझॉननें ४५ फुटी पेटाऱ्याची एक मालमोटार काढली होती, ती दाराशीं येऊन माहिती भरून नेई. पुढें ती बंद झाली.

आठव्या दिवशीं संध्याकाळीं वहिनी आल्या. पहिल्या खेपेस हरवलेल्या सदतिसांपैकीं एक नोंद मीं त्यांना मुद्दाम उघडून दाखविली. त्यांनीं चष्मा लावून टीप दोनदां वाचली, आणि म्हणाल्या, “भाऊजी, येथें ह्यांची वेलांटी चुकली आहे. ह्यांची नेहमींचीच खोड. नीट केली तर चालेल का?”

मीं पुतण्याकडे पाहिलें. तो उठला, दोन्ही मुलींना दुरुस्ती सुरू करण्याचा निरोप धाडला, आणि खुर्ची वहिनींपुढें सरकविली. “काकू, आतां खुशाल करा,” तो म्हणाला.