शाळेबाहेरची मुले आणि शिकणारे पालक

मुलांना शाळेत न घालता, किंवा घातलेल्या मुलांना काढून घेऊन, त्यांच्या कलाने शिकू द्यावे असे मानणारी काही कुटुंबे अलीकडच्या काळात पुण्या-मुंबईकडे दिसू लागली आहेत. अमेरिकेतील शिक्षक जॉन होल्ट यांनी १९७७ च्या सुमारास या मार्गासाठी 'अनस्कूलिंग' हा शब्द रूढ केला. घरीच शाळा भरवणे असा त्याचा अर्थ नाही. ठरीव अभ्यासक्रम, वेळापत्रक आणि परीक्षा या तिघांनाही त्यात रजा दिलेली असते. आपल्याकडे या प्रयोगाची चर्चा निघाली की ती बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते: या मुलांचे पुढे काय होणार? दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरता येईल काय, नोकरीच्या वेळी कोणते प्रमाणपत्र दाखवणार? प्रश्न गैर नाहीत. तथापि या प्रयोगाची दुसरी आणि माझ्या मते अधिक मोलाची बाजू त्यामुळे झाकली जाते. मूल शाळेबाहेर आल्यावर पालकांचे काय होते, हे कोणी विचारीत नाही.

मुंबईच्या मालविका जोशी हिचे नाव २०१६ साली वृत्तपत्रांतून गाजले. सातवीत असताना तिच्या आईने तिला शाळेतून काढले. दहावी-बारावीचे प्रमाणपत्र नसताना, संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये मिळवलेल्या तीन पदकांच्या बळावर ती अमेरिकेतील एमआयटी या विख्यात संस्थेत गेली. बारावी नसल्यामुळे आपल्या आयआयटीचे दार तिला बंद होते, हा त्या कथेतील उपरोध. बातम्या मुलीच्या यशाच्या होत्या आणि ते योग्यच होते. परंतु त्याच बातम्यांत एक वाक्य सहज येऊन जात असे: आईने नोकरी सोडली आणि मुलीसाठी अभ्यासाची आखणी स्वतः केली. त्या एका वाक्यात एका प्रौढ स्त्रीचे कित्येक वर्षांचे शिक्षण सामावलेले आहे, आणि त्याची नोंद कोणत्याही गुणपत्रिकेत नाही.

याचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. शाळेत जाणाऱ्या मुलाने प्रश्न विचारला की 'उद्या सरांना विचार' असे सांगून आपण मोकळे होतो. शाळा नसली की ही पळवाट बंद होते. विहिरीचे पाणी चैत्रात खाली का जाते, असे मुलाने विचारले तर वडिलांपुढे दोनच मार्ग उरतात: मुलाला दटावणे, किंवा 'मला ठाऊक नाही, आपण पाहू' असे म्हणणे. आपल्या घरांत, विशेषतः बापाला, हे दुसरे वाक्य उच्चारणे किती जड जाते हे सर्वांना माहीत आहे. जो पालक ते उच्चारतो त्याचा अधिकार कमी होत नाही, तो दुसऱ्या पायावर उभा राहतो.

आणि हे पाश्चात्त्य खूळ आहे असेही नाही. एकोणिसाव्या शतकात अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. पुढे लक्ष्मीबाईंनीच आपल्या मुलीला शिकवले. १८५८ साली जन्मलेल्या त्या मुलीने बालपणी शाळेचे तोंड पाहिले नाही. घर पाठीवर घेऊन तीर्थयात्रा करणारे आईवडील हीच तिची शाळा. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरविले. रमाबाईंचे नाव आपण घेतो, परंतु त्यांच्या आधी त्यांच्या आईला विद्यार्थिनी व्हावे लागले होते, हे विसरतो.

इथवर वाचून कोणी म्हणेल की नेरसारख्या तालुक्याच्या गावी बसून हा विचार मांडण्याचे प्रयोजन काय? आक्षेप रास्त आहे. मुंबईत शाळेबाहेरचे मूल हा प्रयोग ठरतो. आमच्याकडे त्याच मुलाला सरकारी भाषेत 'शाळाबाह्य' म्हणतात आणि त्याचे सर्वेक्षण होते. तांड्यावरचे एखादे कुटुंब कामासाठी परजिल्ह्यात गेले की मूल शाळाबाह्य होते. कापसाच्या वेचणीला हात कमी पडले की मुलगी घरी राहते, आणि एकदा राहिली की तिच्या लग्नाच्या गोष्टी निघू लागतात. शाळेतला दुपारचा आहार ही इथे लहानसहान बाब नव्हे. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर शाळा सोडण्याची किंमत श्रीमंत घर आईच्या पगारातून भरते, गरीब घर ती मुलाच्या आयुष्यातून भरते. म्हणून २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांची शाळा सक्तीची केली, ते उत्तम केले. ती सक्ती सैल करावी असे मी म्हणणार नाही.

शिवाय शाळा नुसती बंद असणे म्हणजे अनस्कूलिंग नव्हे, हे कोरोनाच्या काळाने दाखवले. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, त्या ग्रामीण भागातील पहिली ते चौथीच्या मुलांसाठी १ डिसेंबर २०२१ रोजी उघडल्या. त्या वीस महिन्यांत पालक शिकते झाले काय? अपवाद असतील, पण सर्वसाधारणपणे नाही. घरातल्या एकुलत्या मोबाइलवर स्वाध्याय येत होते आणि वहीच्या पानाचे छायाचित्र परत जात होते. पालक निरोप्या झाला होता. इमारतीला कुलूप होते, पण 'तुला काय येते ते वरून कोणीतरी ठरवील' ही शाळेची वृत्ती शाबूत होती.

आणि खरा रोग तोच आहे. आपली शाळा मुलाला अक्षर देते, पण त्याच वेळी त्याच्या आईबापाला, ते काही जाणत नाहीत, असे न बोलता सांगत राहते. कपाशीच्या पानाची खालची बाजू पाहून कीड ओळखणारी, कोणत्या वावरात तूर आणि कुठे ज्वारी हे सांगणारी बाई पालकसभेत शेवटच्या रांगेत बसते आणि विचारले तर म्हणते, मी अडाणी.

यावर विचार झालेला आहे, आणि तो नेरपासून काही तासांच्या वाटेवर झालेला आहे. वर्ध्याला १९३७ साली नई तालीमची कल्पना पुढे आली, तेव्हा ती सात ते चौदा वर्षांच्या मुलांपुरती होती. तुरुंगातून सुटून आल्यावर गांधीजींनी ती विस्तारली आणि १९४५ च्या सेवाग्राम परिषदेत शिक्षणाचे क्षेत्र गर्भधारणेपासून मृत्यूपर्यंतचे मानले गेले. मुलाच्या आधी आईबापाचे शिक्षण, असा तो क्रम होता. पुढे नई तालीम सरकारी शाळांत 'सूतकताईचा तास' होऊन बसली आणि हा भाग सर्वांत आधी गळाला.

त्याच काळी वर्ध्याला ठाकुरदास बंग नावाचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला निघण्यापूर्वी ते गांधीजींच्या भेटीस गेले. अर्थशास्त्र शिकायचे असेल तर खेड्यात जा, असे त्यांना ऐकावे लागले. ते अमेरिकेला गेले नाहीत. विद्यार्थ्यांसह खेड्यात राहून शेती करू लागले. त्यांचे चिरंजीव डॉ. अभय बंग पुढे सेवाग्रामच्या नई तालीम शाळेत शिकले. ती शाळाच होती, पण शेत आणि चरखा हीच तिथली पाठ्यपुस्तके होती. मला यात क्रम महत्त्वाचा वाटतो. बापाने आधी स्वतःला विद्यापीठाबाहेर काढले, मग मुलाच्या शिक्षणाचा निर्णय घेतला. आज आपण शिक्षक आणि प्राध्यापक मंडळी मुलांच्या शिकवणीवर हजारो रुपये खर्चतो, पण पदव्युत्तर पदवी हाती आल्यानंतर स्वतः शेवटचे काय शिकलो, हे विचारले तर अडखळतो.

शाळा न सोडवताही पालक शिकते होतात, याचा एक लहानसा अनुभव सांगण्यासारखा आहे. पदवीच्या मुलांना मी घरच्या शेताचा खर्च आईवडिलांसह बसून मांडायला सांगतो. बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचणी हे रकाने सर्वांना सुचतात. घरच्या माणसांच्या श्रमांचा रकाना बहुतेक कोरा येतो. हमीभाव ठरवताना कृषी मूल्य आयोग त्या श्रमांचेही मूल्य धरतो, हे वर्गात शिकवले तरी मुलांना ते परीक्षेपुरतेच वाटते. एका विद्यार्थ्याच्या घरी हिशेब चालू असता आईने विचारले, "माह्या रोजाचे किती धरले?" वडिलांचे म्हणणे, घरच्या बाईची मजुरी कसली धरायची? आईचे म्हणणे, बाहेरची बाई लावली असती तर द्यावी लागली असती की नाही? हा वाद दोन दिवस चालला. अखेर निंदणाचे आणि वेचणीचे आपले किती दिवस भरले, ते तिने बोटांवर मोजून सांगितले आणि मुलाने वहीत लिहिले. कापसाचा एकरी नफा जवळजवळ नाहीसा झाला. पुढच्या खरिपापासून वडील बियाण्याच्या आणि औषधांच्या पावत्या जपून ठेवू लागले, आणि शेतावर कोण किती दिवस राबले याची नोंद आई भिंतीवरच्या दिनदर्शिकेत खुणा करून ठेवू लागली.