मिठाची पुडी किती दिवस पुरते?



माझी भाची आणि जावई चार वर्षांपासून जपानमध्ये आहेत. नागानो नावाच्या डोंगराळ प्रांतात. भाची तिथल्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांची देखभाल करते, जावई यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. सुट्टी मिळाली की दोघं फिरतात, तिथलं काहीबाही खातात आणि मला फोटो पाठवतात. बस्तीतल्या बाया फोटो बघून विचारतात, "ताई, तिकडं कच्चे मासेच खातात का हो?" म्हणून यावेळी त्यांच्या खाण्याबद्दलच लिहायला बसले. पण ही गोष्ट कच्च्या माशांची नाही, मिठाची आहे.

आधी घरातलं सांगते. या भाचीचे वडील, म्हणजे माझे थोरले दाजी, ५४व्या वर्षी लकव्याने गेले. बीपी आहे हे सगळ्या घराला आठ वर्षं माहीत होतं. डोकं दुखलं की गोळी घ्यायची, थांबलं की बंद. मी तेव्हा नर्सची नोकरी करत होते. "दाजी, मीठ कमी करा," असं मी त्यांना कितीदा म्हटलं असेल. ते हसायचे आणि मुळ्याला मीठ लावून खायचे. आज त्यांची लेक परक्या देशात नव्वदीतल्या माणसांना सूप भरवते. एकदा फोनवर म्हणाली, "मावशी, इथं नव्वद वर्षांची आजी स्वतःच्या पायानं जेवायला चालत येते. माझ्या बापानं साठीसुद्धा का नाही बघितली?" या प्रश्नाने मला बरेच दिवस झोप लागली नाही.

तिकडं गेल्यावर दोघांना वाटलं होतं, जपानी जेवण म्हणजे तेल नाही, मसाला नाही, सगळं औषधासारखं. पण नागानोचं जेवण त्यांना आपल्याकडच्या गावासारखंच वाटलं. तिथं ओयाकी मिळते. गव्हाच्या किंवा कुट्टूच्या पिठाच्या गोळ्यात पालेभाजी, भोपळा नाहीतर वांगं भरायचं. पूर्वी ती घरातल्या चुलीच्या राखेत भाजत. भाची म्हणाली, "मावशी, भाजी आणि भाकरी एकातच." डोंगरात भात फारसा पिकत नसे, म्हणून कुट्टूच्या शेवया, ज्यांना ते सोबा म्हणतात, हे तिथलं पोटभरीचं अन्न. आपल्याकडं जशी ज्वारी-नाचणी. शिवाय नाकतोडे साखर आणि सोया सॉसमध्ये शिजवून खातात. समुद्र लांब, मांस महाग, मग अंगाला बळ कुठून येणार? आज तेच नाकतोडे दुकानात तिथली खासियत म्हणून विकायला असतात. गरिबीतल्या खाण्याची त्यांना लाज वाटत नाही, हे मला फार आवडलं.

नागानो शहरातल्या झेनकोजी या जुन्या बुद्धमंदिरात दोघं पहिल्याच वर्षी जाऊन आले. त्या मंदिराच्या वाटेवर सात जिनसांचा तिखट मसाला विकतात. त्यात मिरची, तीळ, आलं, संत्र्यासारख्या फळाची वाळलेली साल असं सगळं असतं, आणि मीठ नसतं. या मसाल्याचं पुढं काम आहे, लक्षात ठेवा.

आणि लोणचं. नोझावाना नावाची मोहरीच्या जातीची पालेभाजी तिथं थंडीच्या तोंडावर पिंपंभर खारवून ठेवतात. चहाबरोबर लोणचं, भाताबरोबर लोणचं, पाहुणा आला की लोणचं. जावयाला तर घरच्यासारखंच वाटलं. रोज दोन वेळा मिसो सूप, वाटीभर लोणचं आणि सुट्टीच्या दिवशी रामेनचा वाडगा शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा. कारखान्यात कामगारांची दरवर्षी आरोग्य तपासणी करावीच लागते, तो तिथला कायदाच आहे. दुसऱ्या वर्षी त्यात याचं बीपी निघालं १५२/९८. वय ३४.

आता नागानोची जुनी गोष्ट ऐका. समुद्र लांब असल्यामुळं तिथं मीठ बाहेरून यायचं. जपानच्या समुद्रकाठच्या इतोइगावापासून मात्सुमोतोपर्यंत सुमारे १२० किलोमीटरची डोंगरवाट आहे. तिचं नावच मिठाची वाट. बैलांच्या आणि माणसांच्या पाठीवरून मीठ आणि खारवलेले मासे या वाटेनं चढायचे. भाची-जावई त्या वाटेवर एक दिवस चालले. हिवाळाभर बर्फ, शेतात हिरवं पान नाही. मग खारवलेली भाजी, खारवलेला मासा आणि खारट मिसो यांच्यावरच घर चालायचं. चिमूटभर खारट तोंडी लावलं की वाटीभर कोरडं धान्य घशाखाली उतरतं. तिथं मीठ म्हणजे चैन नव्हती, गरिबाचं कालवण होतं.

हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. ठेचा-भाकरी, कांद्यावर मीठ, सुकट, खारा बोंबील, लोणच्याचा खार यांच्यावर आपल्या आज्यांनी घरं जगवली. उन्हात घाम गाळणाऱ्या माणसाला ते खपूनही गेलं. आता कामं बदलली, घाम कमी झाला, वरून फरसाण, वेफर्स आणि मसाल्याची पाकिटं आली. मीठ मात्र तेवढंच राहिलं, उलट वाढलं.

त्या मिठाची किंमत नागानोनं मोजली. १९६०च्या दशकात लकव्याने मरणाऱ्यांच्या बाबतीत तो जपानमधल्या सगळ्यात वाईट प्रांतांपैकी एक होता. आणि १९९०च्या आकडेवारीत तिथल्या पुरुषांचं सरासरी आयुष्य देशात पहिलं आलं. २०१० साली पुरुष आणि बाया दोघंही पहिले: पुरुष ८०.८८ वर्षं, बाया ८७.१८ वर्षं. मधल्या काळात झालं काय?

एक डॉक्टर होते, तोशिकाझु वाकात्सुकी. १९४५ साली ते साकू भागातल्या एका लहानशा दवाखान्यात आले. शेतकरी दुखणं लपवायचे, अगदी टेकीला आल्यावर दवाखान्यात यायचे. डॉक्टर आणि नर्सेसनी गावोगाव जाऊन नाटकं केली, कारण भाषणाला लोक बसत नव्हते आणि नाटकाला बसायचे. १९५९ पासून याचिहो गावात साऱ्या गावाची दरवर्षी तपासणी सुरू झाली. १९६१ पर्यंत जपाननं सगळ्या नागरिकांना आरोग्य विमा दिला. घरातली निदान एक खोली हिवाळ्यात उबदार ठेवा, अशीही मोहीम झाली, कारण गारठ्यानं बीपी चढतं. वाकात्सुकींना १९७६ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पण मला सगळ्यात जास्त ओढ लागली ती तिथल्या बायांच्या कामाची. १९४५ सालीच एका गावात सरकारी आरोग्य नर्स एकटी राबते हे बघून गावातल्या बाया म्हणाल्या, आम्ही मदतीला येतो. त्यातून आरोग्य सेविकांची पद्धत प्रांतभर पसरली. वस्तीतली एक बाई दोन वर्षं हे काम करते, मग दुसरी. ही फिरती पाळी फार मोलाची आहे. एकच हुशार बाई जन्मभर पुढारी होत नाही, शिकलेलं ज्ञान घराघरात मुरतं.

भाचीच्या वृद्धाश्रमात अशीच एक जुनी सेविका आहे, नव्वदीला टेकलेली. तिनं सांगितलं ते भाचीनं मला फोनवर ऐकवलं. १९८१ साली प्रांतभर मीठ कमी करण्याची मोहीम निघाली, तेव्हा या बाया मीठ मोजायचं छोटं यंत्र घेऊन दारोदार गेल्या. "तुमच्या घरचं मिसो सूप चमचाभर द्या," म्हणायच्या. मोजायच्या आणि आकडा दाखवायच्या. आजी हसत म्हणाली, "सगळ्यात खारट सूप माझ्याच घरचं निघालं. मग मी दुसरीला काय रागवणार?"

मोहिमेच्या आधी तिथला माणूस दिवसाला सुमारे १६ ग्रॅम मीठ खात होता. तीन वर्षांत ते ११ च्या आसपास आलं. सूप बंद केलं नाही, लोणचंही बंद केलं नाही. सूप दिवसातून एकदाच प्या आणि त्यात भाज्या दुप्पट घाला, म्हणजे पाणी आणि मिसो कमी लागतो. शेवया खा, वाडग्यातला खारट रस तसाच सोडा. सोया सॉस जेवणावर ओतू नका, बशीत घेऊन घास टेकवा. चव कमी वाटली तर तीळ, आलं, आंबट फळ आणि तो सात जिनसांचा मसाला वापरा. जावयानं हेच केलं, डॉक्टरांनी दिलेली गोळी वेळेवर घेतली आणि कामावर चालत जायला लागला. आता त्याचं बीपी १२८/८२ असतं. गोळी चालूच आहे.

नागानो म्हणजे स्वर्ग नव्हे. जपानी माणूस आजही सरासरी दिवसाला १० ग्रॅमच्या आसपास मीठ खातो, तेही जास्तच आहे. आणि एकट्या मिठानं आयुष्य वाढलं असं मी म्हणत नाही. भाज्या भरपूर, म्हातारपणीही शेतात काम, वेळेवर तपासणी, विम्याचा आधार, हे सगळं त्यात आहे. म्हणूनच माझं म्हणणं दोन बाजूंचं आहे.

पहिली बाजू आम्हा आरोग्यवाल्यांची. मी ज्या दवाखान्यात होते तिथं एका पेशंटला अर्धा मिनिट मिळायचा. त्यात मी "मीठ कमी करा" म्हणायचे आणि माझं काम झालं असं समजायचे. किती कमी, कशातलं कमी, घरात स्वयंपाक कोण करतं, हे एकदाही विचारलं नाही. दाजींनाही नाही. तीस वर्षं मिठाच्या जोरावर भाकरी खाल्लेल्या माणसाला मी फक्त धाक घातला. पुढं लकवा झाला की आम्हीच म्हणायचो, "ऐकत नाहीत हे लोक." नागानोच्या बायांनी आधी स्वतःचं सूप मोजलं, मग शेजारणीचं. मी आधी माझं ताट मोजायला हवं होतं.

दुसरी बाजू सरकारची. कमी मीठ घालणं बाईनं करायचं, पण बीपीची गोळी महिनाभर सलग मिळणं, बस्तीजवळ तपासणी होणं आणि कामगाराची खाडा न पडता दरवर्षी तपासणी होणं, हे तिनं करायचं नाही. ते आपण मागून घ्यायचं. सगळं खापर बाईच्या मीठ घालणाऱ्या हातावर फोडायचं, हे मला मान्य नाही.

आता आपल्या घरचा हिशोब. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे. म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण, खारी सगळं आलं. आपल्या देशात त्याच्या दीडपट-दुपटीनं मीठ खाल्लं जातं. यंत्र आणायची गरज नाही. मिठाची पुडी फोडाल त्या दिवशी पुडीवर तारीख लिहा. पाच मोठ्या माणसांच्या घरात दिवसाला २५ ग्रॅम धरलं तर किलोची पुडी ४० दिवस पुरायला हवी. बाहेरचं खारट खाणं धरलं तर आणखी जास्त दिवस. आमच्या महिला मंडळात आम्ही मोजलं. माझ्या घरची पुडी २६ दिवसांत संपली! सगळ्यांपुढं सांगताना लाज वाटली, पण त्यानंतरच बाकीच्या बायांनी आपापला खरा आकडा सांगितला.

मग हळूहळू करायचं. एकदम अळणी केलं तर घरातले ताट बाजूला सारतात. दर पंधरा दिवसांनी चिमूटभर कमी करा, जिभेला महिन्या-दोन महिन्यांत सवय होते. पिठात आणि भातात मीठ घालू नका, भाजीत असतंच. जेवताना मिठाची बरणी पुढ्यात नको. सुकट-बोंबील दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या. ठेच्यात मीठ निम्मं, लसूण, शेंगदाणे आणि लिंबू जास्त. मीठ आयोडीनचंच वापरा. बाजारात "कमी सोडियम"चं मीठ मिळतं, पण ज्यांना किडनीचा त्रास आहे किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू आहेत त्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. त्यात पोटॅशियम असतं, ते अशा माणसांच्या जिवावर बेतू शकतं. आणि मीठ कमी केलं म्हणून बीपीची गोळी स्वतःहून बंद करू नका. तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं तर घरी चोळत बसू नका. वेळ बघून ठेवा आणि १०८ ला फोन करून लगेच मोठ्या दवाखान्यात न्या. तिथं प्रत्येक मिनिट मोलाचा असतो.

भाचीच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर माझ्याकडं नाही. दाजींना साठी दाखवता आली असती का, कोण जाणे. पण त्यांच्या घरात आता माझी बहीण मिठाच्या पुडीवर तारीख लिहिते, आणि जपानमधून लेक दर महिन्याला विचारते, "आई, किती दिवस गेली?" मागच्या वेळी ती ३७ दिवस गेली.

येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर आपापल्या पुडीची तारीख सांगू या. आकडा लपवायचा नाही, आणि ज्या घरचा कमी निघेल तिला कुणी हसायचं नाही.