दिवा लागतो, आवाज जात नाही

घरी बनवलेलं गिटारचं पेडल रुसलं की बनवणाऱ्याचा पहिला संशय सर्किटवर जातो. तो आयसी बदलतो, ट्रान्झिस्टर बदलतो, कपॅसिटर उपटून पुन्हा लावतो. माझं ठाम मत आहे की तक्रार ‘दिवा लागतो पण आवाज येत नाही’ किंवा ‘इफेक्ट चालतो, तो बंद केला की सगळंच मुकं’ अशी असेल, तर सर्किटला हात लावू नये. आधी फूटस्विच तपासावा.

विषय कवठे महांकाळकडच्या बेंजोवाल्या पोरांमुळे निघाला. बेंजो म्हणजे १९१२ साली जपानच्या नागोयात गोरो मोरिता यांनी तयार केलेल्या ताइशोगोतोचा आपल्याकडचा वंशज. इथे त्याला पिकअप बसला, तो वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत शिरला. आता त्याच्यापुढे गिटारवाल्यांची पेडलं येताहेत आणि काही पोरं ती स्वतः बनवू लागलीत. मला याचा मनापासून आनंद आहे. बनवलेलं बिघडल्यावर ते अडगळीत जातं, याचं मात्र फार वाईट वाटतं.

फूटस्विचच्या पोटाला नऊ पिना असतात, तीन-तीनच्या तीन रांगा. प्रत्येक रांगेतली मधली पिन एका टोकाला जोडलेली असते. पायाने दाबलं की ती दुसऱ्या टोकाला जाते. तिन्ही रांगा एकाच दट्ट्यावर हलतात, पण आतून एकमेकींपासून पूर्ण वेगळ्या असतात. दोन रांगा आवाजाची वाट बदलतात, तिसरी फक्त एलईडी लावते-विझवते. विहिरीचं पाणी कधी फिल्टरमधून ठिबकला आणि कधी थेट पाटात सोडायचं, तर दोन कॉक एकदमच फिरावे लागतात. आवाजाच्या त्या दोन रांगांचं काम हेच आहे. एक कॉक अर्धवट राहिला तरी मोटर चालू असल्याचा दिवा लागणारच. म्हणून एलईडीवर विश्वास ठेवू नका. तिसरी रांग ठीक आहे, एवढंच तो सांगतो.

पहिली परीक्षा फुकट आहे. बॅटरी काढा, अडॅप्टर काढा आणि वाजवा. खऱ्या बायपासमध्ये, म्हणजे इफेक्ट बंद असताना, आवाज नुसत्या तारेतून जातो, त्याला वीज लागत नाही. आवाज आला नाही तर स्विच एकदा दाबून पुन्हा वाजवा, कारण दिव्याशिवाय कुठली बाजू चालू आहे ते कळत नाही. दोनपैकी एका बाजूला स्वच्छ आवाज आला, तर दोन्ही जॅक आणि बायपासची तार निर्दोष आहे. मग स्विचपासून सर्किटकडे जाणाऱ्या आणि तिथून परत येणाऱ्या तारा बघा. दोन्ही बाजूंना शांतता असेल, तर बायपासची तार तुटली आहे किंवा आवाज कुठेतरी ग्राउंडला मिळतो आहे.

पुढचं काम मल्टीमीटरचं. तो बीपवर ठेवा आणि प्रत्येक रांगेत मधली पिन एकदा या टोकाशी, दाबल्यावर त्या टोकाशी वाजते का ते पाहा. एखादी रांग वाजली नाही तर स्विचच गेला. बहुतेकदा तो सोल्डरिंगच्या उष्णतेने जातो: सोल्डरिंग आयर्न पिनेवर जास्त वेळ राहिलं की आतलं प्लास्टिक मऊ होतं आणि संपर्काची पट्टी वाकडी बसते. दोन-तीन सेकंदांत डाग बसला पाहिजे; नाही बसला तर थांबा, पिन गार होऊ द्या, मग पुन्हा लावा. तारेचा एखादा सुटा केसही शेजारच्या पिनेला टेकलेला सापडतो.

इकडच्याच एका मुलाचं पेडल उघडं असताना छान वाजत होतं. झाकण लावलं की गप्प. त्याने सर्किट दोनदा नव्याने जुळवलं होतं. दोष होता तो जॅकची आवाज वाहणारी पट्टी डबीच्या भिंतीला टेकण्यात. पत्र्याची डबी म्हणजेच ग्राउंड. जॅक थोडा फिरवला, भिंतीला इन्सुलेशन टेप लावली, काम झालं.

बायपास चालतो पण इफेक्टही मेला आणि दिवाही, असं असेल तर अडॅप्टर बघा. गिटार पेडलांना सहसा मधली पिन ऋण लागते. राउटरचा नऊ व्होल्टचा अडॅप्टर बहुधा नेमका उलटा असतो आणि संरक्षणाचा डायोड लावला नसेल तर आयसी जाळतो. स्विच दाबताना ‘ठप्प’ असा आवाज येत असेल तर सर्किटच्या इनपुटला आणि आउटपुटला, कपॅसिटरच्या बाहेरच्या बाजूने, एकेक मेगओहमचा रेझिस्टर ग्राउंडला जोडा. कपॅसिटरमधून झिरपणारा दाब त्यातून निघून जातो.

आता खरं मागणं. पंढरपूरकडचे भोपळे मिरजेला तंबोऱ्यासाठी जातात ते कवठे महांकाळच्याच वाटेने. मिरजेत एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरातले फरीदसाहेब सतारी बनवू लागले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तारांचा झंकार जुळवणारा, म्हणजे जवारी काढणारा, कारागीर नुसत्या कानाने दोष कुठे आहे ते ओळखतो. वाद्य दुरुस्त करण्याची अशी परंपरा असलेल्या मुलखात बेंजोवाल्याला पेडलसाठी पुण्या-मुंबईची वाट का धरावी लागावी? आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक हा अभ्यासक्रम आहे. तिथल्या शिक्षकांनी गणपतीच्या आधी दोन दिवस एक टेबल मांडावं: मल्टीमीटर, सोल्डरिंग आयर्न, एक छोटा अॅम्प्लिफायर आणि त्याला टोकाशी कपॅसिटर जोडलेली एक तार. ती तार सर्किटमध्ये एकेका ठिकाणी टेकवत गेलं की आवाज कुठपर्यंत पोचतो आणि कुठे हरवतो, ते कानाने कळतं. प्रत्येक पोराने आधी दोन जॅक आणि स्विच एवढंच जोडून बायपास वाजवून दाखवावा, मगच सर्किट आत ठेवावं. जोडणीचं चित्र कागदावर काढून झाकणाच्या आतून चिकटवावं, म्हणजे पुढच्या वर्षी पेडल दुसऱ्या कुणालाही उघडता येईल.