भंगारात देण्याआधी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०'चा नियमित आधार थांबवला. तेव्हापासून जुना संगणक घेऊन दुकानात गेलेल्या माणसाला ठरलेले उत्तर मिळते : 'याच्यावर अकरा चढत नाही. नवाच घ्या.' 'विंडोज ११'ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. २०१४-१५ साली हप्त्यांवर घेतलेल्या घरच्या संगणकात हे कुठून असणार? दुकानदार खोटे बोलत नाही, पण तो अर्धेच सांगतो. अकरा चढत नसेल, तर लिनक्स ही मोफत प्रणाली चढते, हे उरलेले अर्धे कोणीतरी सांगायला हवे.

दुसरी पळवाटही सर्वांना ठाऊक आहे. चारपाचशे रुपयांत 'फॉर्मॅट मारून' क्रॅक केलेली प्रत टाकून मिळते. त्या क्रॅकबरोबर आणखी काय आत आले, हे ना दुकानदाराला ठाऊक असते, ना आपल्याला. त्याच यंत्रावर आपण बँकेचा पासवर्ड टाकतो. परवान्याचे पैसे भरायचे नसतील, तर चोरीचा माल वापरण्याची काहीच गरज नाही. उजळ माथ्याने वापरता येईल अशी व्यवस्था तीस वर्षांहून अधिक काळ उपलब्ध आहे.

१९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ साली हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लिहून जगासमोर ठेवला. सॉफ्टवेअर वापरा, उघडून पाहा, बदला, दुसऱ्याला द्या : एवढे चार हक्क मुक्त सॉफ्टवेअरच्या या चळवळीने वापरणाऱ्याच्या हाती दिले. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात फुकट आणि स्वतंत्र असे दोन्ही अर्थ गुंतलेले असल्यामुळे स्टॉलमन यांना वर्षानुवर्षे खुलासे करत बसावे लागले. आपल्याकडे 'मोफत' आणि 'मुक्त' हे दोन वेगळे शब्द आहेत. लिनक्स मोफत मिळते ही सोय झाली. ते मुक्त आहे हे त्याचे खरे मोल.

गेल्या महिन्यात आमच्या घरचा संगणक याच वाटेने वाचला. चौथ्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम, सुरू व्हायला चहा उकळेपर्यंतचा वेळ. आधी सगळे फोटो आणि कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतली. 'लिनक्स मिंट' या लिनक्सच्या एका प्रकाराची सुमारे तीन जीबीची फाइल उतरवून ती आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवली. संगणक चालू करताना एफ-१२ दाबून पेनड्राइव्ह निवडला. (कुठे ही कळ एफ-९ असते, कुठे एस्केप.) काही क्षणांत संपूर्ण मिंट पडद्यावर आले, आणि मूळ डिस्कला अजून हातही लागला नव्हता. वायफाय लागते का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखला जातो का, हे सारे आधीच तपासता आले. मग 'इन्स्टॉल'वर टिचकी मारली. भाषांच्या यादीत 'मराठी' हे नाव देवनागरीत दिसले, तेव्हा खरोखर आनंद झाला. पाऊण तासात काम आटोपले. जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवला तेवढाच खर्च. यंत्र आता मिनिटाच्या आत उभे राहते.

धोका एकाच ठिकाणी आहे. 'डिस्क पुसून टाका' हा पर्याय निवडला की जुने सारे जाते. म्हणून आधी प्रत काढा, मगच पुढे चला. विंडोजची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर तिची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्यांनी किंवा श्रीलिपीत वर्षानुवर्षे टाइप करत आलेल्यांनी एका दिवसात विंडोज सोडू नये. दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी ठेवता येतात. मात्र विंडोज १० ठेवलेच, तर ते इंटरनेटपासून दूर ठेवावे. पण बहुतेक घरांत संगणकावर चालते काय? ब्राउझर, पत्रे, मुलांचे प्रकल्प, फोटो, सिनेमा. त्यासाठी फायरफॉक्स, लिबरऑफिस आणि व्हीएलसी पुरून उरतात. इन्स्क्रिप्ट कळफलकातून युनिकोड मराठीही सहज टाइप होते.

'हे आपल्याला जमायचे नाही' असे म्हणणाऱ्यांनी केरळकडे पाहावे. तिथल्या सरकारी शाळांनी फार पूर्वीच मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारले, आणि दहावीपर्यंतची मुले त्यावरच संगणक शिकतात. जे तिथल्या शाळकरी मुलांना जमते, ते आपल्याला न जमण्याचे कारण नाही. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनेही 'बॉस' नावाची लिनक्स प्रणाली भारतीय भाषांसाठी तयार केली आहे. आपल्याकडे साधन आहे, शिकलेले तरुण आहेत. फक्त हे काम शेजाऱ्याला दाखवण्याची रीत पडलेली नाही.

ती पाडायला अनुदान लागत नाही. बहुतेक तालुक्यांत वाचनालय आहे, अनेक ठिकाणी जवळपास अभियांत्रिकी किंवा तंत्रनिकेतन महाविद्यालय आहे. महिन्यातला एक रविवार, एक टेबल, चार पेनड्राइव्ह आणि दोन विद्यार्थी एवढे जमवले, तर लोक आपापले संगणक घेऊन येतील आणि चालते करून घरी नेतील. ज्यांना जुना नको असेल, त्यांचा एखाद्या गरजू मुलीच्या अभ्यासाला लागेल. वाचनालयांच्या कार्यकारिणीने पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, ही आमची कळकळीची विनंती आहे. आणि ज्यांच्या घरात माळ्यावर असे एखादे यंत्र धूळ खात पडले आहे, त्यांनी भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्याला एक संध्याकाळ द्यावी.