दोन श्रेयांकांचा व्यायाम

पहाटे साडेपाचच्या सुमारास जळगावहून पाचोऱ्याकडे किंवा धुळ्याहून साक्रीकडे जाणाऱ्या रस्त्याने कोणी निघाला, तर डांबरी सडकेच्या कडेने धावणारे तरुण त्याला हटकून दिसतील. कोणाच्या पायांत झिजलेले बूट असतात, कोणी अनवाणीच असतो. एखादा मित्र मैलाच्या दगडापाशी घड्याळ धरून उभा असतो. अलीकडे या धावणाऱ्यांत मुलीही दिसू लागल्या आहेत. ही मंडळी हवा खाण्यासाठी निघालेली नसतात. ती पोलीस भरतीची, सैन्यभरतीची तयारी करीत असतात. पोलीस शिपायाच्या भरतीत मैदानी चाचणीला पन्नास गुण आहेत. मुलांना १६०० मीटर व १०० मीटर धावणे आणि ७.२६ किलोग्रॅमचा गोळा फेकणे, मुलींना ८०० मीटर व १०० मीटर धावणे आणि ४ किलोग्रॅमचा गोळा, असे तिचे स्वरूप आहे. पावसाच्या भरवशावरील चार-पाच एकर कोरडवाहू शेतीतून जे घर उभे राहत नाही, ते या पन्नास गुणांतून उभे राहील, या आशेने ही पावले पडत असतात.

यांतील बहुसंख्य तरुण आपल्याच महाविद्यालयांच्या पटावर आहेत. त्या महाविद्यालयांत शारीरिक शिक्षणाचा विभाग असतो, बहुधा मैदानही असते. तरीसुद्धा या विद्यार्थ्यांना धावण्याचे शिक्षण घ्यायचे असेल, तर ते फी भरून खाजगी 'भरतीपूर्व अकादमी'कडे जातात. ज्याला तेही परवडत नाही, तो सडकेला गुरू करतो. शिक्षणसंस्थेने द्यावयाची वस्तू विद्यार्थ्याला बाजारातून विकत घ्यावी लागते, हे अर्थशास्त्राच्या अध्यापकाच्या नजरेतून सुटू नये.

माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याची गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. चाचणीला तीन आठवडे उरले असता त्याने रोजचे अंतर एकदम दुप्पट केले. आठ-दहा दिवसांत नडगी दुखू लागली. दुखणे अंगावर काढून तो धावतच राहिला आणि चाचणीच्या दिवशी अर्ध्यातून लंगडत बाहेर पडला. या मुलाने माझ्याच विषयाच्या उत्तरपत्रिकेत घटत्या उत्पादनफलाचा नियम आकृतीसह अचूक लिहिला होता. एका मर्यादेपलीकडे श्रमाची मात्रा वाढवीत गेल्यास फळ घटत जाते, हे तो जाणत होता. मात्र हा नियम आपल्या नडगीच्या हाडालाही लागू आहे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. मीही नाही.

सक्तीचा जुना अनुभव

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या शरीराची काळजी शासनाने यापूर्वी केली नाही, असे नव्हे. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर १९६३ साली महाविद्यालयांत एन.सी.सी. सक्तीची झाली, पण १९६८ साली ती पुन्हा ऐच्छिक करावी लागली. पं. हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखालील समितीने निरनिराळ्या व्यायामयोजनांचे एकीकरण सुचविले आणि १९६५ साली 'नॅशनल फिटनेस कोअर'चा कार्यक्रम निघाला. त्याचे आज नावही कोणाला आठवत नाही. योजना संकटाच्या वेळी जन्मतात आणि संकट ओसरले की कागदावर उरतात, हाच या अनुभवाचा इत्यर्थ आहे.

याउलट, महाराष्ट्रात व्यायामाची जी कामे टिकली ती समाजाने स्वतः उभी केलेली होती. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड मराठीत काढले. १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी, आणि त्यांच्या प्रवासखर्चासाठी प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकले, हे सर्वश्रुत आहे. आपल्या खानदेशातही गावोगावच्या यात्रांतून कुस्त्यांची दंगल अजून भरते. मराठी समाजाला शरीरविद्येचे वावडे कधीच नव्हते. तिचे व महाविद्यालयाचे नाते मात्र एखाद्या प्राचार्याच्या मोठेपणावर अवलंबून राहिले, व्यवस्थेचा भाग झाले नाही.

आता ती संधी पुन्हा आली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमाचा जो नवा आराखडा राज्य शासनाने २० एप्रिल २०२३ च्या निर्णयाने घालून दिला, तो स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाला. त्यात सह-अभ्यासक्रम म्हणून आरोग्य, योग, क्रीडा, सांस्कृतिक कार्य, एन.सी.सी., राष्ट्रीय सेवा योजना यांना श्रेयांक मिळाले आहेत. ज्या गोष्टी आजवर अभ्यासाच्या बाहेर, म्हणजेच उपेक्षेच्या आत होत्या, त्या प्रथमच गुणपत्रिकेवर आल्या. या निर्णयाचे स्वागतच केले पाहिजे.

परंतु गुणपत्रिकेवर आलेली वस्तू विद्यार्थ्याच्या अंगी येतेच असे नाही. दोन श्रेयांकांचा हिशेब करून पाहावा. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकास ३० तास, म्हणजे दोन श्रेयांकांस ६० तास. पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला चार तास. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांचा, म्हणजे अडीच तासांचा, मध्यम व्यायाम सांगितला आहे. तेव्हा दोन श्रेयांक प्रामाणिकपणे मैदानावर खर्च झाले, तर ती किमान गरज भागून वर दीड तास शिल्लक राहील. हेच दोन श्रेयांक एका लेखी प्रकल्पावर, चार आसनांच्या छायाचित्रांवर आणि परीक्षेपूर्वी भरलेल्या हजेरीपटावर उरकले गेले, तर आपण एक नवी लबाडी तेवढी अभ्यासक्रमात आणलेली असेल.

शरीरगतीचे शास्त्र

केवळ मैदानावर पिटाळल्यानेही काम भागत नाही. त्या विद्यार्थ्याच्या नडगीने जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर 'किनेसिऑलॉजी' नावाच्या शास्त्रात आहे. शरीराच्या हालचाली कशा घडतात, कोणता स्नायू केव्हा ओढतो, कोणत्या सांध्यावर किती भार येतो, याचे हे शास्त्र होय. बी.पी.एड. आणि एम.पी.एड.च्या विद्यार्थ्यांना ते शिकविले जाते. म्हणजे जे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होणार, त्यांनाच ते कळते. कला आणि वाणिज्य शाखांच्या हजारो विद्यार्थ्यांना मात्र आपल्याच देहाची प्राथमिक ओळख नसते.

या शास्त्रात अवघड असे फार थोडे आहे. गोळाफेकीचे उदाहरण घ्या. गोळा हाताने फेकतात, असे आपण समजतो. वास्तविक त्याचा जोर पायांत निर्माण होतो, तो कंबरेतून व धडातून खांद्याकडे येतो आणि हात शेवटी त्याला दिशा देतो. नुसते दंड फुगविणारा मुलगा म्हणूनच मागे राहतो. धावण्याचेही तसेच. प्रत्येक पावलागणिक जमिनीचा आघात पायावर येतो. हाडाला आणि स्नायूला त्याची सवय व्हावयास आठवडे लागतात, म्हणून अंतर थोडेथोडे वाढवायचे आणि मध्ये विश्रांतीचे दिवस ठेवायचे. कोणत्याही विद्यार्थ्याला हे पंधरा मिनिटांत समजावता येईल.

याचा उपयोग भरतीपुरताच आहे, असेही नाही. रावेर-यावल भागात केळीचे घड कापून, डोक्यावर वा खांद्यावर घेऊन मळ्यातून रस्त्यावरील गाडीपर्यंत नेणारे मजूर आपण पाहतो. वीस किलोग्रॅमचे ओझे कंबरेतून वाकून, शरीरापासून साठ सेंटिमीटर दूर धरून उचलले, आणि पाठीच्या स्नायूंचा आधार मणक्यापासून सुमारे पाच सेंटिमीटरवर मानला, तर तरफेच्या साध्या नियमाने त्या स्नायूंना त्या ओझ्यासाठी बारापट, म्हणजे २४० किलोग्रॅमच्या वजनाइतका जोर लावावा लागतो. धडाचे स्वतःचे वजन वेगळेच. तेच ओझे वीस सेंटिमीटरवर, अंगाजवळ घेतले तर हा जोर ८० किलोग्रॅमवर येतो. ओझे तेच, मजुरी तीच. फरक पडतो तो पाठ किती वर्षे टिकणार यात. मजुराची पाठ हेच त्याचे भांडवल आहे. त्या भांडवलाच्या घसाऱ्याची तरतूद कोणत्याही ताळेबंदात नसते. आमच्या वर्गांत बसलेली कितीतरी मुले याच मजुरांची आहेत. त्यांनी ही तरफ वर्गात शिकून घरी नेली, तर शिक्षणाचा याहून प्रत्यक्ष लाभ कोणता?

आक्षेपांचा विचार

'शेतकऱ्याच्या मुलाला व्यायाम कशाला?' हा आक्षेप नेहमी ऐकू येतो. श्रम आणि व्यायाम या एक गोष्टी नव्हेत, हे त्याचे उत्तर आहे. श्रमात त्याच त्या अवयवावर तोच भार दिवसभर पडतो. व्यायामात सर्व शरीराला आवश्यक तेवढाच भार मोजून दिला जातो. शिवाय ज्याला आपण कष्टकरी मुलगा म्हणतो, तो आता एस.टी.त बसून येतो, बाकावर बसून ऐकतो आणि रात्री मोबाइल हाती घेऊन पडून राहतो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार २०२२ मध्ये भारतातील सुमारे निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के होते. याची किंमत पुढे औषधांच्या दुकानात चुकवावी लागते.

दुसरा आक्षेप वेळेचा, आणि तो खरा आहे. धरणगाव, चोपडा, शिंदखेडा येथील खेड्यापाड्यांतून येणारा विद्यार्थी एस.टी.च्या किंवा पॅसेंजर गाडीच्या वेळेने बांधलेला असतो. सकाळी सहाला मैदान ठेवले तर तो येऊ शकत नाही. दुपारी ठेवले तर मार्चपासूनच ऊन असह्य होते. मे महिन्यात तर जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो. मुलींना उशिरा थांबणे घरून मंजूर नसते. म्हणून मैदानी भागाचा भर जुलै ते फेब्रुवारी या काळात द्यावा, शास्त्रविषयक तास उन्हाळ्यात छपराखाली घ्यावेत, आणि मैदानाचा तास वेळापत्रकाच्या मध्यभागी नव्हे, तर पहिल्या गाडीनंतर लगेच ठेवावा. मुलींसाठी वेगळी वेळ, कपडे बदलण्याची खोली व स्वच्छतागृह असल्याखेरीज 'मुली मैदानावर येत नाहीत' अशी तक्रार कोणी करू नये.

तिसरा प्रश्न शिक्षकांचा. अनेक महाविद्यालयांत अध्यापकांच्या जागा रिक्त आहेत आणि तासिका तत्त्वावर काम भागविले जाते. शारीरिक शिक्षण संचालकाच्या एका माणसावर स्पर्धा, संघ, प्रमाणपत्रे आणि आता श्रेयांक एवढे सारे पडणार असेल, तर श्रेयांकच प्रथम कागदावर जातील. जिल्ह्यात बी.पी.एड. होऊन बसलेले बेकार तरुण आहेत आणि मैदानावर न येणारे विद्यार्थी आहेत. मागणी आणि पुरवठा एकाच गावात असूनही त्यांची गाठ पडू नये, हा दोष बाजाराचा नव्हे, धोरणाचा आहे. पदे भरली पाहिजेत, एवढे सरळ म्हटलेले बरे.

आणि मूल्यमापन? ते क्रमांकाने करू नये. जो आधीच वेगवान आहे त्याला गुण देणे म्हणजे निसर्गाला गुण देणे होय. सत्राच्या आरंभी प्रत्येकाची धाव, लवचिकता आणि ताकद मोजावी, शेवटी पुन्हा मोजावी आणि त्या फरकावर गुण द्यावेत. अपंग विद्यार्थ्यालाही यात स्थान राहील. यासाठी लागते एक घड्याळ, एक मोजपट्टी आणि एक वही. कोट्यवधींचे क्रीडासंकुल लागत नाही.

या साऱ्या उदासीनतेच्या मुळाशी एक जुनी समजूत आहे. आपल्याकडे शिक्षण म्हणजे अंगमेहनतीपासून सुटका, असे मानले जाते. मुलाला घाम गाळावा लागू नये म्हणून बाप त्याला महाविद्यालयात धाडतो. मग त्या महाविद्यालयाने त्याला घाम गाळावयास सांगावे, हे दोघांनाही विचित्र वाटते. पण आपल्या विद्यापीठाला २०१८ साली ज्यांचे नाव देण्यात आले, त्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांचे काव्य शेतातल्या आणि जात्यावरच्या कामातून उमलले. हाताचे काम आणि मनाचे काम ही त्यांच्या आयुष्यात वेगळी नव्हती. त्यांच्या नावाच्या विद्यापीठाने देहाला अभ्यासक्रमात केवळ दोन श्रेयांकांची नव्हे, तर प्रतिष्ठेची जागा द्यावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

माझा तो विद्यार्थी यंदा पुन्हा धावतो आहे. या खेपेस त्याने अंतर हळूहळू वाढविले आहे, आणि आठवड्यातून दोन दिवस तो विश्रांती घेतो. हे त्याला एका निवृत्त जवानाने सांगितले. ते त्याच्या महाविद्यालयाने सांगावयास हवे होते.